टेबलावरचा आवाज : कॉम्प्युटरचे स्पीकर घरी बांधताना



हे व्याख्यान ऐकणारे आणि पुढे पुस्तकात वाचणारे आपण सगळे वेगवेगळ्या गावांत बसलो आहोत. कुणी बडोद्यात, कुणी इंदुरात, कुणी हैदराबाद, बेंगळुरू, दिल्लीत. म्हणून आज मी अशाच वस्तूंबद्दल बोलणार आहे ज्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात, पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळतात, तशाच बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर, चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर, दिल्लीच्या लाजपतराय मार्केटात आणि कोलकात्याच्या चांदनी मार्केटातही मिळतात. दुकानदाराची भाषा बदलेल, वस्तू तीच राहील.

विषय साधा आहे. टेबलावर कॉम्प्युटर आहे, त्याच्या दोन बाजूंना ठेवायला दोन स्पीकर हवेत, आणि ते आपण घरी बांधायचे आहेत.

पहिला प्रश्न मीच विचारतो, कारण तो तुमच्याही मनात असणार. बाजारात तयार मिळतात, मग हा खटाटोप कशासाठी? स्वस्त पडतात म्हणून? नाही. अगदी स्वस्तातली तयार जोडी घेतली तर ती तुमच्या घरच्या जोडीपेक्षा कमी पैशांत येईल, हे आधीच सांगून टाकतो. बांधायचे ते दोन कारणांसाठी. एक, आवाज कसा तयार होतो हे हाताला कळते. दुसरे, ही वस्तू उद्या बिघडली तर तुम्ही ती उघडू शकता, कारण प्रत्येक स्क्रू तुम्हीच लावलेला असतो. तिसरेही एक कारण आहे, माझ्या घरातले. ते मध्ये सांगेन.

नुसता स्पीकर वाजवून बघा

आज आपण जो स्पीकर वापरतो, म्हणजे कागदाचा कोन, त्याच्या मागे तारेचे वेटोळे आणि भोवती चुंबक, त्याची रचना १९२५ साली अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी मांडली. शंभर वर्षे झाली. साहित्य बदलले, चुंबक सुधारले, पण तत्त्व तेच. वेटोळ्यातून वीज गेली की ते चुंबकाच्या फटीत पुढे-मागे होते, त्याला चिकटलेला कोन हवा ढकलतो आणि ओढतो. यालाच पुढे मी ड्रायव्हर म्हणेन, कारण दुकानातही तसेच म्हणतात. स्पीकर म्हणजे ड्रायव्हर अधिक पेटी.

आता एक प्रयोग. तीन इंची ड्रायव्हर नुसता हातात धरून त्यावर गाणे लावा. आवाज येईल, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. तबल्याची चाट ऐकू येईल, डग्गा गायब. आता एक मोठा पुठ्ठा घ्या, त्याला कोनाएवढे भोक पाडा आणि ड्रायव्हर त्या भोकावर दाबून धरा. लगेच आवाजात अंग येते. ना ड्रायव्हर बदलला, ना गाणे, ना वीज.

काय झाले? कोन पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. आवाज जाड असेल, म्हणजे कंपनसंख्या कमी असेल, तर पुढची दाबलेली हवा कडेने वळून मागची पोकळी भरून काढते. दोन्ही एकमेकांना खोडतात. पुठ्ठ्याने ही वाट लांबवली. पेटी ही वाट बंदच करते. पेटीचे पहिले काम हे: पुढचा आवाज आणि मागचा आवाज एकमेकांना भेटू न देणे.

पेटीचे दुसरे काम जरा सूक्ष्म आहे. बंद पेटीतली हवा स्प्रिंगसारखी वागते. कोन आत गेला की ती त्याला बाहेर ढकलते, बाहेर आला की आत ओढते. १९५४ साली एडगर विल्चर यांनी याच हवेच्या स्प्रिंगचा उपयोग करून लहान पेटीतून जाड आवाज काढणारा स्पीकर बाजारात आणला. तोवर चांगला आवाज म्हणजे कपाटाएवढी पेटी, असा समज होता. आपल्या टेबलावरची पेटी त्याच कल्पनेची नात आहे.

पेटी किती मोठी? तीन आकडे पुरतात

पेटीचे माप पूर्वी अंदाजाने ठरायचे. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉल यांनी हा अंदाज गणितात बसवला. म्हणून आज चांगल्या ड्रायव्हरबरोबर जो माहितीचा कागद मिळतो त्यावर थील-स्मॉल आकडे असतात. आपल्याला त्यातले तीन पुरे.

पहिला एफएस. ड्रायव्हर मोकळा टांगला तर तो स्वतःहून ज्या कंपनसंख्येला डोलतो ती. दुसरा क्यूटीएस. डोलायला लागल्यावर त्याला किती लगाम आहे, ते सांगणारा आकडा. झोपाळ्याला धक्का दिला आणि तो बराच वेळ झुलत राहिला तर हा आकडा मोठा, चटकन थांबला तर लहान. तिसरा व्हीएएस. ड्रायव्हरच्या स्वतःच्या स्प्रिंगइतकी ताठ स्प्रिंग किती लिटर हवेची होईल, ते माप.

उदाहरण घेऊ. समजा तीन इंची ड्रायव्हरचा एफएस १०० हर्ट्झ, क्यूटीएस ०.५ आणि व्हीएएस २ लिटर आहे. बंद पेटीत बसल्यावर एकूण लगामाचा आकडा साधारण ०.७ यावा असा आपला आग्रह असतो, कारण तिथे आवाज खालपर्यंत सपाट जातो आणि मग गुमान उतरतो. हिशोब असा: ०.७०७ ला ०.५ ने भागा, उत्तराचा वर्ग करा, त्यातून १ वजा करा. १.४१४ चा वर्ग २, वजा १, उरला १. आता व्हीएएसला या १ ने भागा. उत्तर २ लिटर. पेटी आतून २ लिटरची हवी. आणि ती खाली कुठवर वाजेल? १०० ला त्याच १.४१४ ने गुणा. साधारण १४१ हर्ट्झ. त्याखाली आवाज उतरत जातो.

एवढेच गणित. ज्या ड्रायव्हरबरोबर हे आकडे मिळत नाहीत तो पहिल्या बांधणीसाठी घेऊ नका. दुकानदार म्हणेल, "घ्या साहेब, एक नंबर माल आहे." असेलही. पण आकड्यांशिवाय पेटी म्हणजे माप न घेता शिवलेला सदरा.

१४१ हर्ट्झ म्हणजे आपल्या भाषेत किती?

काळी एकचा षड्ज, म्हणजे पुष्कळ पुरुष गायक ज्या स्वराला सा धरतात तो, साधारण १३८ हर्ट्झचा आहे. म्हणजे आपली पेटी गायकाच्या मध्य सप्तकातल्या सापर्यंत व्यवस्थित पोचते. तानपुऱ्याची खर्जाची तार मात्र त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झला. तिथे आपला स्पीकर सुमारे १२ डेसिबलने खाली गेलेला असेल.

मग खर्ज ऐकू येणार नाही का? येतो. गंमत इथेच आहे. तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे स्वर निघतात. हे वरचे स्वर ऐकू आले तर आपला मेंदू त्यांच्यातले अंतर ओळखतो आणि मूळ स्वर स्वतःच भरून घेतो. तानपुऱ्याची जवारी तर या वरच्या स्वरांचाच सोहळा आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या सुमारास आपल्या वीणा-तानपुऱ्यासारख्या तंतुवाद्यांचा आणि तबला-मृदंगाचा अभ्यास केला तो याच अंगाने. तबल्याच्या शाईमुळे चामड्याचे विस्कळीत स्वर एका रांगेत येतात, हे त्यांनी दाखवले.

म्हणून शास्त्रीय संगीत, भावगीत, बातम्या, व्याख्याने, फोनवरचे बोलणे यांसाठी तीन इंची ड्रायव्हर पुरतो. डीजेचा धमाका हवा असेल तर तो या पेटीचा विषय नाही. तेवढाच मोठा आवाज निम्म्या कंपनसंख्येला काढायचा तर कोनाला चौपट हलावे लागते. तीन इंचाच्या कोनाकडे तेवढी जागाच नसते.

आणि तीन इंचीच का? कारण एकच ड्रायव्हर जाड-बारीक दोन्ही वाजवतो. दोन ड्रायव्हरमध्ये आवाज वाटून देणारे सर्किट लागत नाही. आपण टेबलाशी, हातभर अंतरावर बसणार. इतक्या जवळून दोन वेगळ्या ड्रायव्हरचे आवाज कधी कधी वेगवेगळे जाणवतात. एकाच कोनातून आलेला आवाज एकसंध वाटतो.

सुतारकाम

आता पेटी. १२ मिलिमीटरचे प्लायवूड किंवा एमडीएफ. दोन फूट बाय दोन फूट तुकडा घ्या, दोन्ही पेट्या त्यातूनच निघतात. आतले माप ११ सेंटिमीटर रुंद, १९ उंच, १२ खोल. म्हणजे अडीच लिटर. आपल्याला २ हवे होते, पण ड्रायव्हरचा मागचा चुंबक आणि कोपऱ्यातल्या पट्ट्या थोडी जागा खातात. २.२ लिटर उरले तर लगामाचा आकडा ०.६९ येतो. उत्तम.

तुकडे लिहून घ्या. पुढची-मागची फळी १३.४ बाय २१.४, अशा चार. बाजूच्या फळ्या १२ बाय २१.४, चार. वरची-खालची ११ बाय १२, चार. एकूण बारा. प्लायवूडच्या दुकानात कापून देतात. तिथे एवढेच सांगा की एका मापाचे सगळे तुकडे करवतीची मांडणी न हलवता सलग काप. मापात मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर चालेल, पण चारही तुकड्यांत तो सारखा झाला पाहिजे. नाहीतर कोपऱ्यात फट राहते.

जोडणीला लाकडाचा नेहमीचा पांढरा गोंद पुरे. बाजूच्या आणि वरच्या-खालच्या फळ्यांची चौकट आधी करा, कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले की चौकट काटकोनात आहे. क्लॅम्प नसतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे गुंडाळा. घट्ट बसतात. रात्रभर ठेवा. पुढच्या फळीतले गोल भोक होल सॉने पाडायचे, त्याचे माप ड्रायव्हरच्या कागदावर असते. ते भोक फळीच्या बरोबर मध्यावर नको, थोडे वर घ्या. कोनापासून चारही कडांचे अंतर सारखे असले की काही ठरावीक स्वर उगाच फुगतात किंवा खचतात.

मागची फळी आतून फेसची पट्टी लावून स्क्रूने बसवा, गोंदाने नको. उघडता आली पाहिजे. स्क्रूआधी बारीक भोक पाडून घ्या, नाहीतर प्लायवूड फाटते. एमडीएफ कापताना, घासताना तोंडाला मास्क हवाच. त्याची धूळ फार बारीक असते आणि आत चिकट रसायने असतात. लहान मुले आसपास नकोत.

पेटीत उशीत घालतात तो कृत्रिम कापूस सैल पसरा. दाबून कोंबू नका. पेटीत आवाज भिंतींवर आपटत राहतो. १९ सेंटिमीटर उंचीच्या पेटीत तो साधारण ९०० हर्ट्झला घुमतो, नेमका बोलण्याच्या पट्ट्यात. कापूस हे घुमणे शोषतो.

सगळे बसल्यावर एक परीक्षा. कोन बोटांनी, मधल्या टोपीला धक्का न लावता, हलकेच आत दाबा आणि सोडा. तो सावकाश परत आला तर पेटी बंद आहे. टुणकन परत आला तर कुठेतरी हवा गळते. बहुधा तार बाहेर काढलेल्या भोकातून. तिथे सिलिकॉन भरा.

वीज : किती वॉट, आणि कुठली तार कुठे

ज्यांनी नव्वदच्या दशकात टू-इन-वन घेतले त्यांना डब्यावर छापलेले ते हजारो वॉट पीएमपीओ आठवत असतील. तो आकडा जाहिरातीचा होता. भिंतीतला प्लग तेवढी वीज देतच नव्हता, तर डबा कुठून देणार?

खरा हिशोब करू. कागदावर लिहिलेले असते, १ वॉटला १ मीटरवर ८५ डेसिबल. आपण ६० सेंटिमीटरवर बसतो, त्यामुळे साधारण ४ डेसिबल वाढले, ८९ झाले. टेबलाशी निवांत ऐकताना सरासरी ७५ डेसिबल म्हणजे भरपूर. ८९ वरून ७५ वर यायला वॉटचे पंचवीस भाग करून त्यातला एक पुरतो. संगीतातल्या उसळ्या, तिहाईचा शेवटचा धा, सरासरीच्या दहा-पंधरा डेसिबल वर जातात. त्यासाठी एखाददुसरा वॉट. म्हणजे खरी गरज एक-दोन वॉट, आणि हात मोकळा राहावा म्हणून दहा.

दोन पर्याय सांगतो. पीएएम ८४०३ नावाच्या चिपचा टपाल तिकिटाएवढा बोर्ड मिळतो. ५ व्होल्टवर, म्हणजे यूएसबीवर चालतो. ८ ओहमच्या ड्रायव्हरला दीड वॉटच्या आसपास देतो. पहिल्या प्रयोगाला उत्तम. दुसरा, टीपीए ३११६ चिपचा बोर्ड. तो १२ व्होल्टवर ८ ओहमला सुमारे ९ वॉट देतो. जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चांगला अडॅप्टर पडून असेल तर त्यावरही चालतो, मात्र बोर्डावरच्या कपॅसिटरवर २५ व्होल्ट किंवा जास्त लिहिले आहे ना, ते बघा.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये दोन्ही स्पीकरच्या वजा बाजू एकत्र जोडल्या तरी चालायचे. या दोन्ही बोर्डांत चालत नाही. इथे वजा बाजूसुद्धा हलती असते, ती जमिनीला जोडलेली नसते. डाव्या-उजव्याच्या वजा तारा एकत्र केल्या किंवा धातूच्या डब्याला टेकल्या तर चिप जाते. चार तारा, चार वेगळ्या वाटा. आणि २३० व्होल्टच्या बाजूला हात घालायचा नाही. बंद, आयएसआय किंवा बीआयएस नोंदणीची खूण असलेला अडॅप्टर घ्या आणि तो उघडू नका. स्वतः पॉवर सप्लाय बांधण्याचा विषय वेगळा आहे. तो जाणत्या माणसाशेजारी बसून शिका.

डाग देताना तार आणि ड्रायव्हरचे टोक दोन्ही गरम करा, मग सोल्डर लावा. थेंब चकचकीत पसरला पाहिजे. शिशाचे सोल्डर असेल तर खिडकी उघडी ठेवा आणि नंतर हात धुवा.

अधिक-उणे कसे ओळखायचे? दीड व्होल्टचा सेल घ्या आणि ड्रायव्हरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलच्या अधिक बाजूला टेकलेले टोक ते अधिक. दोन्ही ड्रायव्हरवर खूण करा. एक उलटा जोडला गेला तर एक कोन बाहेर येताना दुसरा आत जाईल. मग पुठ्ठ्याच्या प्रयोगात झाले तेच इथे होते. डग्गा नाहीसा होतो आणि गायक दोन स्पीकरच्या मध्ये उभा न राहता खोलीभर पसरतो.

आवाजाची दोन दुखणी

एक, घूं. लॅपटॉप चार्जिंगला लावला की स्पीकरमधून गुणगुण किंवा किरकिर येते. चार्जरची पिन काढून बघा. थांबली, तर विजेच्या जमिनीची वाट दोन ठिकाणांहून जोडली गेली आहे. लॅपटॉपच्याच यूएसबीवर ॲम्प्लिफायर चालवत असाल तर त्याला वेगळा अडॅप्टर द्या. तरी राहिली तर आवाजाच्या तारेत छोट्या ट्रान्सफॉर्मरचा ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. काही जण प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन तोडायला सांगतात. गुणगुण थांबते हे खरे, पण ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे. तिला हात लावायचा नाही.

दोन, आवाज टोचतो. पेटीची पुढची फळी १३.४ सेंटिमीटर रुंद आहे. साधारण ८५० हर्ट्झच्या वर आवाज फळीवरून पुढे ढकलला जातो, त्याखाली तो फळीला वळसा घालून मागेही जातो. म्हणून समोर बसणाऱ्याला बारीक आवाज जास्त, जाड कमी मिळतो. मोठे स्पीकर बांधणारे यासाठी वेगळे सर्किट घालतात. आपल्याला त्याची गरज नाही, कारण आपल्या स्पीकरमागे कॉम्प्युटर बसला आहे. विंडोजवर इक्वलायझर एपीओ आणि लिनक्सवर ईझीइफेक्ट्स ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. ६०० हर्ट्झच्या खालचा भाग ३ डेसिबलने उचला, एकूण पातळी तेवढीच खाली घ्या म्हणजे आवाज फाटणार नाही, आणि ८० हर्ट्झच्या खालचे सगळे कापून टाका. जे वाजणारच नाही ते कोनाला उगाच हलवत असते. एखादा मोजमापाचा माइक हाती आला तर रूम ईक्यू विझार्ड हेही फुकट आहे. आलेख बघता येतो.

बोलणे कळणे

आता ते तिसरे कारण.

माझे वडील ७८ वर्षांचे आहेत, बडोद्याला असतात. मी हैदराबादला, बहीण पुण्याला. रविवारी सकाळी सगळे व्हिडिओ कॉलवर जमतो. वर्षभर मी बघत होतो, नाना हसायचे, मान हलवायचे, "हो हो" म्हणायचे. नातवाने विचारले, "आजोबा, तुम्ही शाळेत कुठल्या खेळात होतात?" तरी उत्तर "हो हो". आम्हाला वाटले, विसरभोळेपणा वाढला. आईला वाटले, त्यांना आता कशात रस राहिला नाही.

कान तपासले तेव्हा कळले की जाड आवाज त्यांना ठीक ऐकू येतात, बारीक आवाज कमी येतात. वयाबरोबर बहुतेकांचे असेच होते. आता बोलण्याकडे बघा. आ, ओ, ऊ या स्वरांची ताकद खालच्या भागात असते. स, श, च, त, ख या व्यंजनांची ओळख बरीचशी २००० हर्ट्झच्या वर असते. म्हणून अशा माणसाला कुणी बोलते आहे हे कळते, काय बोलते आहे हे कळत नाही. "सात" की "हात" की "भात"? आणि लॅपटॉपचे बारीक स्पीकर टेबलाकडे तोंड करून बसवलेले. आवाज वाढवला की ते फाटतात, आणि फाटलेल्या आवाजात व्यंजने आणखी बुडतात. मोठ्याने आणि स्पष्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नानांसाठी हीच जोडी बांधली. फरक फक्त मांडणीत आणि सॉफ्टवेअरमध्ये. पेट्या त्यांच्या कानाच्या उंचीवर, तोंड त्यांच्याकडे, अंतर हातभर. १५० हर्ट्झच्या खालचे कापले, २००० ते ४००० हर्ट्झचा पट्टा थोडा उचलला. कॉलवेळी डोक्यावरचा पंखा एकवर. हे श्रवणयंत्र नव्हे, आणि त्याला पर्यायही नव्हे. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढे घेतलेच. पण पहिल्या रविवारी दहा मिनिटांत त्यांनी बहिणीला मध्येच तोडले. "तू चुकीचं सांगतेस, ती गोष्ट अशी नाहीच." आणि खरी गोष्ट सांगायला बसले. अर्धा तास. आई म्हणाली, "आता यांना थांबवायचं कसं तेही शोधून काढ."

तुमच्याही घरात कुणी नुसते "हो हो" म्हणत असेल, तर आधी त्यांचे कान तपासून घ्या, आणि त्यांच्यापर्यंत आवाज पोचतो कसा हेही तपासा. माणूस गप्प झाला की आपण त्याच्या मनाबद्दल तर्क करतो. कधी कधी दोष टेबलाकडे तोंड केलेल्या स्पीकरचा असतो.

तरुणांनाही एक सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी. चांगल्या स्पीकरवर कमी आवाजातही सगळे ऐकू येते, म्हणून तो वाढवावासा वाटत नाही.

मांडणी, आणि सुरुवात

शेवटचे काम फुकटचे आहे. दोन पेट्या आणि तुमचे डोके, तिघांमधले अंतर सारखे ठेवा, साधारण ६० ते ७० सेंटिमीटर. कोन कानाच्या रेषेत यावा, नाहीतर पेटी थोडी मागे कलती करा. खाली रबराचे चार तुकडे, म्हणजे टेबल वाजणार नाही. भिंतीला अगदी चिकटवू नका, जाड आवाज फुगतो. मग एकाच माणसाचे बोलणे असलेली ध्वनिफीत लावा आणि डोळे मिटा. आवाज बरोबर समोरून, जिथे कुणीच नाही तिथून आला पाहिजे. तसा आला की जोडणी बरोबर, पेट्या सारख्या, काम झाले.

साहित्य एकदम आणू नका. पहिल्या आठवड्यात फक्त एक ड्रायव्हर, छोटा बोर्ड आणि पुठ्ठा. दुसऱ्या आठवड्यात फळ्या. घरात सहावी-सातवीतले मूल असेल तर कर्ण मोजायचे काम त्याला द्या. पायथागोरस शाळेबाहेर पहिल्यांदा भेटेल. आणि जोडी तयार झाली की मागच्या फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलने तीन ओळी लिहा: ड्रायव्हर कुठला, तारेचा कुठला रंग अधिक, आणि तारीख. दहा वर्षांनी जो कुणी ती पेटी उघडेल, त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.